बिडकीनला परदेशी कंपनी आली. आपल्या वाट्याला काय येणार?

सकाळी साडेसहाच्या सुमारास वाळूज औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर उभे राहिले की दोन रांगा दिसतात. एक रांग पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांची. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात ठेकेदाराने दिलेले ओळखपत्र आणि डोळ्यांवर अजून झोप. दुसरी रांग त्यांच्याच घरातल्या मायमाउल्यांची. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूरच्या भाड्याच्या खोल्यांसमोर ड्रम आणि हंडे मांडून त्या टँकरची वाट बघत असतात. घरातला माणूस ज्या कारखान्यात जातो त्या कारखान्याला जायकवाडीचे पाणी नळाने येते आणि त्याच कामगाराच्या घरातली चूल मात्र टँकर आल्याशिवाय पेटत नाही. आपल्या शहराच्या विकासाची सगळी कहाणी या दोन रांगांत सामावलेली आहे.

ही कहाणी आज पुन्हा सांगण्याचे कारण असे. ३१ जुलै २०२४ रोजी जपानच्या टोयोटाची भारतातील कंपनी टोयोटा किर्लोस्कर मोटर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत, सुमारे २० हजार कोटी रुपये गुंतवून मोटारींचा कारखाना उभारण्याचा हा करार आहे. जागा बिडकीनची. प्रत्यक्ष ८ हजार आणि अप्रत्यक्ष ८ हजार रोजगार मिळतील असे तेव्हा सांगण्यात आले. वस्तीवस्तीत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणाले, आता मराठवाड्याचे नशीब उघडले. कुणी म्हणाले, हे सगळे मोठ्यांचे खेळ, आपल्याला काय! दोन्ही बोलणी घाईची आहेत. बाबासाहेबांच्या लेकरांनी कोणतीही गोष्ट तपासून घ्यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

बाबासाहेब कारखान्यांच्या विरोधात नव्हते

आपल्यातील काही मंडळींना वाटते की परदेशी भांडवल म्हटले की विरोधच केला पाहिजे. जुलै १९९१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले, डंकेल प्रस्तावाची चर्चा झाली, तेव्हा आपल्या सभा-संमेलनांत 'खाउजा' हा शब्द घरोघरी पोचला. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. ती भीती खोटी नव्हती. सरकारी नोकऱ्या आटल्या आणि त्यांच्याबरोबर आरक्षणाची जागाही आटली. खासगी कारखान्याला राखीव जागांचे बंधन नाही, हे आपण गेली तीस-पस्तीस वर्षे अनुभवत आहोत.

पण बाबासाहेबांनी उद्योगाकडे पाठ फिरवली नव्हती हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९१८ साली भारतातील तुकड्यातुकड्यांच्या शेतीवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे आणि त्यावर खरा उपाय औद्योगिकीकरण हाच आहे. गावकुसाबाहेरच्या माणसासाठी कारखान्याचा आणखी एक अर्थ होता. यंत्र जात विचारत नाही. गावात बलुत्याच्या भाकरीवर जगणारा माणूस महिन्याच्या पगारावर जगू लागला की त्याची मान ताठ होते. मुंबईच्या गिरण्यांत, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये आपली माणसे हे शिकली. मात्र यंत्र जात विचारत नसले तरी माणूस विचारतो, हेही बाबासाहेबांनी पाहिले होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती.

म्हणून १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दोन्ही बाजूंनी काम केले. एकीकडे दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांतील धरणांच्या व विजेच्या योजनांना चालना दिली, कारण पाणी आणि वीज असल्याशिवाय उद्योग नाही. दुसरीकडे कामाच्या तासांना मर्यादा घातली. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे ४८ तास ठरले. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे त्यांनी मांडले. देशाची संपत्ती वाढावी, पण ती मूठभरांच्या तिजोरीत अडकू नये, हे त्यांचे सूत्र होते. आज बिडकीनकडे बघताना हेच सूत्र हातात धरायचे आहे.

चिकलठाण्यापासून ऑरिकपर्यंत

आपल्या शहरात कारखाने एका रात्रीत आले नाहीत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर रेल्वे स्टेशन परिसर व चिकलठाणा इथे वसाहती उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळात गावे रिकामी झाली, खडी फोडून जगलेली माणसे शहराकडे आली. पुढे वाळूजची वसाहत उभी राहिली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने उगवले. मग परदेशी कंपन्या आल्या. चेक देशातील स्कोडाने २००१ मध्ये जालना रस्त्यावर शेंद्र्याला मोटारींची जोडणी सुरू केली. पर्किन्सचे इंजिन, कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा ताणणारा धागा, असे एकेक येत गेले.

दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा जपानच्या सहकार्याने ठरला. या पट्ट्याचे काम पाहणाऱ्या कंपनीत जपानच्या सरकारी बँकेने २६ टक्के भाग घेतला. या पट्ट्यातील आपला तुकडा म्हणजे ऑरिक, अर्थात शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरी. सुमारे १० हजार एकर. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते शेंद्र्याच्या ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले. जमिनीखालून वीजतारा, रुंद रस्ते, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय, असे हे नियोजन आहे. वाळूजपेक्षा ते चांगले आहे हे मान्य करायला हरकत नाही.

जगभर आता 'शाश्वत विकास' हा शब्द वापरला जातो. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने तो रूढ केला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी १७ उद्दिष्टे ठरवली. सोप्या मराठीत सांगायचे तर, आजची भूक अशी भागवा की नातवंडांच्या ताटातले कमी होणार नाही. या कसोटीवर आपल्याला तीन प्रश्न विचारायचे आहेत. पाणी कुणाचे? जमीन कुणाची? काम कुणाला?

पहिला प्रश्न : पाणी

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. धरणाचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला वापरण्याजोगा सुमारे ७६. शंभराहून अधिक गावे या धरणासाठी उठली. धरण बांधले ते मुख्यतः मराठवाड्याच्या शेतीसाठी. त्याच पाण्यावर आज शहर, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि बिडकीन सगळे तहान भागवतात. वर नाशिक-नगरच्या धरणांत पाणी अडले की खाली नाथसागर कोरडा पडतो आणि मग पाण्याचा वाद न्यायालयात जातो.

२०१६ चा उन्हाळा आठवा. जायकवाडीत मृतसाठ्यातून पाणी उपसावे लागत होते. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले जात होते. त्याच वेळी आपल्या जिल्ह्यातील बिअर आणि दारूच्या कारखान्यांना पाणी मिळत होते, आणि त्यांतील काही बहुराष्ट्रीय कंपन्यांचे होते. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि मे महिन्यात साठ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला. इतर कारखान्यांच्या पाण्यालाही कात्री लागली. तोवर शासनाला हे सुचले नव्हते का, हा प्रश्न उरतोच.

राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा मान उद्योगाला होता आणि शेती तिसरी होती. २०११ मध्ये हा क्रम बदलून शेतीला दुसरे स्थान मिळाले. कागदावरचा क्रम बदलला तरी जो पाण्याला जास्त दर देतो आणि ज्याची पाइपलाइन पक्की असते त्यालाच पाणी आधी पोचते, हे आपण रोज बघतो. म्हणून बिडकीनच्या नव्या कारखान्यांना विचारायचा पहिला प्रश्न असा की, तुम्ही वापरलेले पाणी किती शुद्ध करून पुन्हा वापरणार आणि दुष्काळी वर्षात किती कपात सोसणार? हे करारातच लिहिलेले असावे. दुष्काळ पडल्यावर न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याची वेळ येऊ नये.

पाण्याचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी आपल्या पूर्वजांनी डोकी फोडून घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही पाण्यातच दाखवले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटले. सिद्धार्थाने युद्धाला नकार दिला आणि परिव्रज्या पत्करली. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा, कारखाना विरुद्ध शेत, या भांडणातही मार्ग तोच. मोजून आणि वाटून घ्या.

दुसरा प्रश्न : जमीन

शेंद्रा-बिडकीनच्या जमिनीला एकरी २३ लाख रुपये भाव मिळाला. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांच्या हातात पैसा आला. कुणी पुढच्या गावी शेती घेतली, कुणी घर बांधले, कुणी गाडीत आणि लग्नात उडवला. पण त्याच शेतावर पिढ्यानपिढ्या निंदणी-खुरपणी करणाऱ्या भूमिहीन बाईच्या हातात काय आले? तिच्याजवळ सातबारा नव्हता, म्हणून तिचे काही गेलेच नाही असे हिशेबाने ठरवले. तिचा रोज बुडाला, हे कुठल्याही कागदावर आले नाही.

आपल्या समाजाचे हे जुने दुखणे आहे. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. हजारोंनी तुरुंग भरले. मराठवाड्यात आपल्या कितीतरी कुटुंबांनी गायरानाचे खडक फोडून ज्वारी-बाजरी पिकवली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण तलाठ्याच्या दप्तरात नाव चढेपर्यंत अनेकांचे आयुष्य सरले. आता जिथे जिथे उद्योग येतो तिथे गायरान हीच सगळ्यात स्वस्त आणि सोपी जमीन ठरते.

२०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने एक चांगली गोष्ट केली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेला शेतमजूर, कूळ आणि कारागीर यांनाही बाधित कुटुंब मानले. मात्र औद्योगिक महामंडळ जमीन घेते ती १९६१ च्या राज्याच्या कायद्याखाली. म्हणून आपल्या गावात संपादनाची नोटीस लागली की पहिला प्रश्न विचारावा, जमीन कोणत्या कायद्याखाली घेता आणि शेतमजुराचे पुनर्वसन त्यात कुठे आहे? पिकाचा पंचनामा, दंडाच्या पावत्या, जुनी रेशनकार्डे, मतदार यादीतील नावे जपून ठेवा. गरिबाचा पुरावा पेटीतल्या कागदांतच असतो.

तिसरा प्रश्न : काम

आता साधा हिशेब करू. २० हजार कोटींची गुंतवणूक आणि प्रत्यक्ष रोजगार ८ हजार. म्हणजे एका नोकरीमागे अडीच कोटी रुपये. याचा अर्थ तिथे यंत्रमानव जास्त आणि माणसे कमी असणार. जी माणसे लागतील ती शिकलेली लागतील. नुसत्या अंगमेहनतीला तिथे मोठी जागा नाही. जी आहे ती झाडलोट, माल चढवणे-उतरवणे, कँटीन आणि पहारा यांत, आणि तीही ठेकेदारामार्फत. पुन्हा झाडूच हातात यायचा असेल तर कंपनी जपानची असली काय आणि गावच्या पाटलाची असली काय, आपल्याला सारखेच.

वाळूजमध्ये हे आपण पाहिले आहे. वर मोठी कंपनी, तिचे चकचकीत फाटक. तिच्या खाली सुटे भाग देणारा कारखाना, त्याच्या खाली आणखी लहान शेड, आणि सगळ्यात खाली ठेकेदाराचा माणूस. वरच्या पायरीवर सुरक्षेचे फलक आणि खालच्या पायरीवर पत्र्याचे बंद दार. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधील हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली आणि आत झोपलेले ६ कामगार गेले. गावापासून दूर आलेल्या पोरांना राहायला खोली नाही, म्हणून ती कारखान्यातच झोपतात. अशा मरणाची नोंद कोणत्याही गुंतवणुकीच्या आकड्यात होत नाही.

परदेशी वाईट आणि देशी चांगले असेही काही नाही. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा पसारा होता. ती देशी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्यावर संसार उभे केलेल्या कामगारांच्या पायाखालची जमीन सरकली. मालक कुठला यापेक्षा कायदा किती पाळला जातो आणि कामगार किती संघटित आहे, यावर आपले जगणे ठरते.

आता तर कामाच्या तासांवरच गदा आली आहे. गुंतवणूक यावी म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, जादा कामाला दुप्पट मजुरी आणि कामगाराची लेखी संमती, असे त्यासोबत सांगितले आहे. पण रोजंदारीवरच्या कंत्राटी पोराला संमतीचा कागद पुढे केल्यावर तो 'नाही' म्हणू शकेल का? बाबासाहेबांनी मिळवून दिलेले तास असे हळूच निसटू द्यायचे नाहीत.

अजिंठ्याचा धडा

परदेशी पैशाचा आणखी एक अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतला आहे, आणि तो आपल्या श्रद्धेच्या जागी घेतला आहे. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनासाठी जपानने १९९२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये कर्ज दिले. रस्ते, पाणीपुरवठा, वनीकरण, विमानतळ अशी कामे त्यातून झाली. धुरापासून लेण्यांची चित्रे वाचावीत म्हणून खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवून पुढे वेगळ्या बसगाड्या सुरू झाल्या. हे चांगले झाले. बुद्धाच्या देशातून जपानला गेलेल्या धम्माचे ऋण या निमित्ताने थोडे फिटले असे म्हणावे.

पण पुढे काय झाले? अजिंठ्याच्या पायथ्याशी मोठे पर्यटक केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले आणि नंतर वीज व पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी ते बंद पडले. कर्ज मात्र फेडावेच लागते. परक्याच्या पैशाने इमारत उभी राहते, ती टिकवायची जबाबदारी आपलीच असते. ज्याला शाश्वत विकास म्हणतात त्याचा याहून सोपा धडा दुसरा नाही.

घराघरात काय करता येईल?

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मालक आणि कामगार यांची परस्पर कर्तव्ये सांगितली आहेत. मालकाने माणसाची शक्ती पाहून काम द्यावे, वेळेवर अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, रजा द्यावी. कामगाराने काम चोख करावे, न दिलेले घेऊ नये. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा कामगार कायदाच आहे. तो अमलात यावा म्हणून आपल्याकडून चार गोष्टी व्हाव्यात.

पहिली गोष्ट शिक्षणाची. दहावीनंतर मुलाला आणि मुलीलाही आयटीआयचा चांगला ट्रेड, डिप्लोमा किंवा शिकाऊ उमेदवारी मिळवून द्या. बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, नागसेनवनाची माळरानावर बाग केली, ती आपण ठेकेदाराच्या रांगेत उभे राहावे म्हणून नव्हे. एका नोकरीमागे अडीच कोटी लागत असतील तर त्या खुर्चीवर बसण्याची पात्रता आपल्या लेकरात यायला हवी.

दुसरी गोष्ट कागदांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत मालकासाठी पुष्कळ सवलती आहेत. त्याच संहितांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची आणि मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूदही आहे. नेमणूकपत्र, पगारचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि विमा कार्ड मागून घ्या. घरातल्या बाईने दर महिन्याला हे कागद एका फाइलमध्ये लावावेत.

तिसरी गोष्ट स्थानिकांच्या हक्काची. शासनाची सवलत घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के कामगार आणि ५० टक्के पर्यवेक्षक राज्यातील रहिवासी घ्यावेत असे शासनाचे धोरण आहे. ते किती पाळले जाते, हे २००५ च्या माहिती अधिकाराखाली विचारता येते. त्यासाठी मोठा पुढारी लागत नाही, शिकलेले एक पोरगे पुरे.

चौथी गोष्ट हजेरीची. मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणाची जनसुनावणी घ्यावी लागते. तिची जाहिरात आधी येते. आपण जयंतीला हजारोंनी जमतो, मग जनसुनावणीला पन्नास माणसे का जाऊ नयेत? तिथे पाण्याचा, धुराचा, शेतमजुराच्या रोजाचा प्रश्न नोंदवून घ्यावा. बोलायला बायांना पुढे करावे, कारण ड्रम भरण्याचे गणित त्यांनाच ठाऊक असते.

परदेशी कंपनी आली म्हणून हुरळून जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये. ती नफ्यासाठी आली आहे, आपण हक्कासाठी उभे राहू. बिडकीनचे फाटक उघडेल तेव्हा आपली मुले-मुली यंत्रापाशी, प्रयोगशाळेत आणि कार्यालयात दिसावीत, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या आईच्या घरातल्या नळाला पाणी यावे. या दोन्ही गोष्टी होतील तो खरा विकास. तोवर विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास याच विषयावर बोलत राहू.

जय भीम!